कॉस्मेटिक म्हणे!

आमच्या घरी शिलाई मशीनच्या खणात एक छोटी सुती पिशवी असते. मुठीपेक्षा जरा मोठी, एका बाजूने गोल शिवलेली, आत मोहरी भरलेली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या हाताला लागली आणि मी अगदी सहज विचारलं, "आई, हे काय गं?" आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ठेव ते तिथेच. माझं आहे."

मला कळायला जरा वेळच लागला. कळलं तेव्हा खण बंद केला आणि माळ्यावरचे डबे काढायला निघून गेलो. पळून गेलो म्हणा हवं तर.

२०२१ मध्ये आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवा स्तन पूर्ण काढला. मग केमो, मग रेडिएशन, आता वर्षातून दोनदा तपासणी. तब्येत उत्तम आहे, देवदयेने आणि डॉक्टरांच्या दयेने. पण ऑपरेशननंतर ब्लाउजच्या त्या बाजूचं काय करायचं, हा प्रश्न तिने एकटीने सोडवला. आधी कापूस. कापूस हलका, तो वर सरकतो. मावसभावाच्या लग्नात तो पार खांद्याशी आला आणि आई भर पंगतीतून उठून खोलीत जाऊन बसली. आम्हाला वाटलं, दमली असेल. मग तिच्या लक्षात आलं की वजन हवं. रवा घामाने ओला होतो, तांदूळ टोचतात, मोहरी त्यातल्या त्यात बरी. हा सगळा आर अँड डी तिने दुपारी घरात कुणी नसताना केला. आणि त्याच घरात एक सॉफ्टवेअर इंजिनियर राहत होता, ज्याने आईच्या उपचारांसाठी हॉस्पिटलांची तुलना करणारी चौदा कॉलमची एक्सेल शीट बनवली होती. त्या चौदा कॉलमांत 'रिकन्स्ट्रक्शन' नावाचा कॉलम नव्हता.

का नव्हता? कारण असं काही आपल्यासारख्यांसाठी असतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते हॉलीवूडमध्ये. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून पुन्हा बांधून घेतले आणि वर्तमानपत्रात लेख लिहून जगाला सांगितलं, ते मीही वाचलं होतं. पण ते 'त्यांचं'. आईच्या पाच डॉक्टरांपैकी, दोन नर्सपैकी, एका समुपदेशकापैकी कुणीही तो शब्द उच्चारला नाही. एकदाही नाही.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो. मी डॉक्टर नाही. हा लेख मी रागात लिहितोय, आणि त्या रागाचा पहिला वाटा माझ्याकडेच येतो. असो.

*

आधी थोडी माहिती, कारण माझ्यासारखेच बरेच असणार.

मॅस्टेक्टोमी म्हणजे स्तन काढून टाकणं. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे तो पुन्हा बांधणं, पुनर्रचना. याचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक, सिलिकॉनचं इम्प्लांट. बऱ्याचदा आधी एक फुगवता येणारी पिशवी बसवून कातडी हळूहळू ताणतात आणि मग इम्प्लांट घालतात. दुसरा, स्वतःच्याच शरीरातली कातडी, चरबी, कधी स्नायू वापरून स्तन बांधणं. पाठीवरून किंवा पोटावरून. पोटावरची चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात त्याला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. १९९० च्या दशकात ही पद्धत रुळली. त्याला सहा-आठ तास लागतात आणि असं काम करणारा प्लॅस्टिक सर्जन लागतो.

हे मॅस्टेक्टोमीच्या वेळीच करता येतं किंवा नंतर, अगदी काही वर्षांनीसुद्धा. याने कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढत नाही. सगळ्यांना सगळे पर्याय चालत नाहीत. रेडिएशन झालेल्या छातीवर इम्प्लांटची गुंतागुंत वाढते, मधुमेह आणि तंबाखू आड येतात, जखम चिघळू शकते, दुसरं-तिसरं ऑपरेशन करावं लागू शकतं. बांधलेल्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना नसते. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं बाईला सांगून, तिच्यासमोर कागद ठेवून, मग तिला ठरवू देण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे ते तिच्या वतीने परस्पर ठरवलं जातं. न सांगता.

*

आता तीन बायकांची गोष्ट. आजार एकच, शहर जवळपास एकच, दोन-तीन वर्षांच्या आतबाहेर.

पहिली माझी आई. निवृत्त शिक्षिका, ऑपरेशनच्या वेळी ६१ वर्षांची. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. चांगलं खाजगी हॉस्पिटल.

दुसरी माझी सहकारी. वय ३६, टेस्टिंग लीड, पॉलिसीही तीच. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे पहिल्याच भेटीत कॅन्सर सर्जनच्या शेजारी प्लॅस्टिक सर्जन बसला होता. एकाच ऑपरेशनमध्ये स्तन काढला आणि बांधला. कॅशलेसची विनंती केली तेव्हा टीपीएने पुनर्रचनेचा भाग नाकारला. कारण: 'कॉस्मेटिक'. बाई टेस्टिंगमधली, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्यावर पोट असलेली. तिने पॉलिसीचं पूर्ण पुस्तक वाचलं, कलम शोधलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आणि मेल टाकला. मंजूर.

तिसऱ्या आमच्या सोसायटीत पोळ्या करणाऱ्या मावशी. पंचेचाळिशीच्या. सरकारी हॉस्पिटलात, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं. गाठ लहान होती. नुसती गाठ काढून, स्तन राखून, मग रेडिएशन देता आलं असतं. पण रेडिएशन म्हणजे तीन-चार आठवडे रोज जाणं-येणं, रोज रांग, आणि सहा घरची कामं बंद. "त्यापेक्षा काढूनच टाका म्हटलं, एकदाचा निकाल लागंल," मावशी म्हणाल्या. ब्लाउजमध्ये मुलाच्या जुन्या बनियनचा बोळा. तो हात आता सुजतो, म्हणून सहाची तीन घरं झाली.

मावशींची गोष्ट नीट पाहा, कारण विषमता इथे दोनदा वार करते. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये गाठ काढून रेडिएशन दिलं तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते. इटलीतल्या वेरोनेसी आणि अमेरिकेतल्या फिशर यांच्या गटांनी वीस वर्षांचा पाठपुरावा करून २००२ मध्ये हे पक्कं केलं. पण त्यासाठी रेडिएशनचं मशीन जवळ हवं, राहायची सोय हवी, पगारी रजा हवी. ज्या बाईकडे हे नसतं तिचा स्तन जास्त वेळा जातो. आणि तो परत बांधायची वेळ येते तेव्हा पुन्हा तिच्याकडेच काही नसतं. म्हणजे ज्यांना पुनर्रचनेची गरज पडण्याची शक्यता जास्त, त्यांनाच ती मिळण्याची शक्यता कमी.

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कॅन्सर होतो. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. त्यातल्या अनेकजणी उशिरा, गाठ वाढल्यावर येतात, आणि तेव्हा बहुतेकदा मॅस्टेक्टोमीच करावी लागते. त्यांच्यापैकी पुनर्रचना होते ती फार थोड्या जणींची, आणि या थोड्या जणी कोण, ते सांगायला संशोधन लागत नाही. शहरातल्या, तरुण, इंग्रजी वाचणाऱ्या.

*

आता त्या शब्दाकडे येऊ. कॉस्मेटिक.

ज्या कलमावर माझ्या सहकारीचा क्लेम आधी अडला आणि मग सुटला, ते कलम एकच आहे. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या बाबी प्रमाणित केल्या. त्यातली आठवी, एक्सक्ल ०८, कॉस्मेटिक किंवा प्लॅस्टिक सर्जरीबद्दल आहे. तुमच्या पॉलिसीतही असेल, आत्ता उघडून बघा. त्यात म्हटलंय की रूप बदलण्यासाठीचे उपचार कव्हर होणार नाहीत... आणि पुढे अपवाद आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना सोडून. कॅन्सर! चक्क नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे नियम बाईच्या बाजूने आहे. तरी टीपीएच्या टेबलावरचा माणूस पहिले दोन शब्द वाचतो आणि शिक्का मारतो. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन बरोबर आहे, इम्प्लिमेंटेशनमध्ये इफ-कंडिशनचा अर्धाच भाग लिहिलाय. आणि हा बग फक्त त्याच बाईला सापडतो, जी पुस्तक शेवटपर्यंत वाचते. मावशींचा अंगठा चालतो, सही कशीबशी. त्यांच्यासाठी अपवाद असून नसल्यासारखा.

आता दुसरा कागद. जीएसटी आला तेव्हा, २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२/२०१७ मध्ये आरोग्यसेवा करमुक्त झाल्या. पण व्याख्येत एक खोच आहे. केस लावणं, कॉस्मेटिक किंवा प्लॅस्टिक सर्जरी या आरोग्यसेवा नाहीत. अपवाद कोणते? जन्मजात दोष, वाढीतले दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली सर्जरी. यादी पुन्हा वाचा. जन्मजात दोष, वाढीतले दोष, इजा, आघात. कॅन्सर कुठे आहे? नाही. वकील म्हणतील, ओढूनताणून बसवता येईल, उपचाराचाच भाग आहे असं म्हणता येईल. येईलही. पण ज्याने यादी लिहिली त्याच्या डोळ्यासमोर कॅन्सर झालेली बाई आली नाही, ही गोष्ट त्याने बदलत नाही. एका सरकारी कागदाला ती आठवते, दुसऱ्याला आठवत नाही. आणि जिथे आठवते तिथे खिडकीवरचा कारकून वाचत नाही.

*

कॉस्मेटिक या शब्दामागे एक विचार आहे: जे नसलं तरी माणूस मरत नाही, ते चैनीचं. ठीक. मग पुणेकर मंडळींना एक जुनी गोष्ट सांगतो. आपल्या गावची आहे, पण गावात फारशी कुणाला ठाऊक नाही.

१७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात छाटला गेला. तो परत आला, वर्षभर बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या, म्हणजे कुंभार जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बांधून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचं वर्णन चित्रासकट छापून आलं. ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने तसं नाक बांधून पाहिलं आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचा एक धागा थेट असा पुण्यापर्यंत येतो.

नाक नसल्याने कावसजी मरणार नव्हता. वर्षभर मेला नव्हताच. तरी त्याला नाक हवं होतं, आणि ते का हवं होतं हे त्या कुंभाराला समजावून सांगावं लागलं नाही. बैल हाकणाऱ्या माणसाला जे कळत होतं आणि वीटभट्टीवरच्या माणसाला जे कळत होतं, ते एकविसाव्या शतकातल्या टीपीएला कळत नाही.

अजून जवळचं उदाहरण. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर होतो, जबडा काढावा लागतो. मग पायाचं हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून त्याचा जबडा बांधतात. तेच सूक्ष्मदर्शकाखालचं काम, तेवढेच तास. त्याला कुणी कॉस्मेटिक म्हणत नाही. तुम्ही म्हणाल, जबड्याने माणूस जेवतो, स्तनाचं तसं काय? मान्य, जेवणाला पहिला मान द्या. पण मग नाकाचं काय, कानाचं काय, ओठाचं काय? ते बांधताना आपण 'चारचौघांत कसं वावरणार बिचारा' म्हणतोच ना? चारचौघांत वावरता येणं हेही शरीराचं एक काम आहे. माझी आई भर पंगतीतून उठून गेली होती. तिच्यापुरतं ते काम बंद पडलं होतं.

*

आता नेहमीचे आक्षेप. घरात, ऑफिसात, कँटीनमध्ये ऐकलेले.

"जीव वाचला हेच खूप नाही का?" हे वाक्य मीही म्हटलंय, म्हणून याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. हे वाक्य पेशंट स्वतः म्हणत असेल तर ते शहाणपण. दुसऱ्याने तिला ऐकवलं की ते तोंड बंद करणं. पाय तुटलेल्या माणसाला आपण जयपूर फूट देताना असं म्हणत नाही.

"या वयात काय करायचंय?" म्हणजे स्तन हा नवऱ्यासाठी आणि मुलासाठी असतो, दोघांचं काम झालं की हिशेब संपला. कुणी इतकं उघड बोलत नाही, पण ३६ वर्षांच्या सहकारीला विचारलं गेलं आणि ६१ वर्षांच्या आईला नाही, त्याचा दुसरा अर्थ लावून दाखवा. डॉक्टर मंडळी वयानुसार धोका मोजतात, ते बरोबरच आहे. पण धोका मोजायला आधी विषय तरी काढावा लागतो.

"सगळ्याच बायकांना नको असतं." शंभर टक्के खरं. अनेकजणी विचार करून नको म्हणतात. आणखी ऑपरेशन नको, सपाट छाती चालेल, हे माझं शरीर आहे. त्यांना माझा नमस्कार. पण विचारल्यावर आलेला नकार आणि न विचारल्यामुळे झालेला नकार, आकडेवारीत दोन्ही सारखेच दिसतात. या दोन नकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"गरीब देश आहे, आधी तपासण्या वाढवा, मशीनं आणा." हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून टाळत नाही. एका फ्लॅपला ऑपरेशन थिएटरचा अख्खा दिवस जातो, तेवढ्यात दोन-तीन मॅस्टेक्टोमी होतील. बाहेर रांग लागलेली असताना सरकारी सर्जनने काय करावं? त्याच्या जागी मी असतो तर रांगच पाहिली असती. पण लक्षात घ्या, हा प्रश्न फक्त मावशींच्या हॉस्पिटलात विचारला जातो. खाजगी हॉस्पिटलात तोच दिवस, तेच थिएटर पैसे मोजून मिळतं. 'देशाला परवडत नाही' याचा व्यवहारातला अर्थ 'मावशींना परवडत नाही' एवढाच होतो. शिवाय सगळं काही आठ तासांचं नसतं. इम्प्लांटला कमी वेळ लागतो. आणि ज्यांना ऑपरेशन नकोच, त्यांना ब्रामध्ये घालायचा वजनदार सिलिकॉनचा कृत्रिम स्तन देता येतो. तो काही हजारांत मिळतो. काही स्वयंसेवी संस्था सुती धाग्याने विणलेले स्तन फुकट देतात. डिस्चार्जच्या कागदाबरोबर एक कृत्रिम स्तन देणं देशाला परवडत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रियांसाठी मोफत क्लिनिक सुरू केलं, कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेसकट. गरिबांना हे का मिळू नये, असा आरोग्यमंत्री विजयभास्कर यांचा सवाल होता. त्यावर टीकाही झाली, की पैसा जीवघेण्या रोगांवर खर्च करा. मंत्र्यांनी त्यात सौंदर्योपचारही घातले होते, तेव्हा वाद होणं समजू शकतं. पण गरीब बाईलाही आरशात बघावं लागतं, हे एका सरकारी मंत्र्याने जाहीरपणे मान्य केलं, हेच मला मोठं वाटलं.

*

"अमेरिकेत बघा कसं..." असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, तर अमेरिकेत बघू. २१ ऑक्टोबर १९९८ ला तिथे कायदा झाला. जी विमा योजना मॅस्टेक्टोमीचे पैसे देते, तिने पुनर्रचनेच्या सगळ्या टप्प्यांचे, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर करायच्या शस्त्रक्रियेचे, कृत्रिम स्तनाचे आणि हात सुजण्यासारख्या गुंतागुंतीचेही पैसे दिलेच पाहिजेत. मावशींचा सुजलेला हात आठवतोय ना? तो तिथल्या कायद्यात नावानिशी आहे.

मग झालं का सगळं छान? नाही. ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांना हा कायदा काही देत नाही. आणि विमा असलेल्यांतही कृष्णवर्णीय, गरीब, वयस्क आणि प्लॅस्टिक सर्जनपासून लांब राहणाऱ्या बायकांना पुनर्रचना कमी मिळते, हे तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. म्हणून २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने आणखी एक कायदा केला: ऑपरेशनच्या आधी बाईला पुनर्रचनेचे पर्याय सांगितलेच पाहिजेत, त्या हॉस्पिटलात सोय असो वा नसो. आणि तरीही गाफील राहून चालत नाही. डीआयईपी फ्लॅपचा वेगळा बिलिंग कोड २०२४ च्या अखेरीस बंद करायचं तिथल्या सरकारी यंत्रणेने ठरवलं होतं. तसं झालं असतं तर सर्जनना कमी पैसे मिळाले असते आणि ही शस्त्रक्रिया पुन्हा रोख पैसेवाल्यांची झाली असती. पेशंट बायकांनी रान उठवलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मी यातून दोन गोष्टी शिकलो. पैशाचा हक्क आधी हवा, पण तो पुरत नाही. सांगण्याची सक्तीही हवी. कारण डिफॉल्ट काय ठेवलंय यावर सगळं ठरतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना कुणी शिकवायला नको. आपल्याकडे डिफॉल्ट आहे गप्प बसणं. ज्या बाईला आधीच माहीत आहे तिने विचारावं, मग तिला सांगतील. मेनूत नसलेला पदार्थ कोण मागवणार?

*

तर माझं म्हणणं थोडक्यात:

१. मॅस्टेक्टोमीच्या संमतिपत्रकावर एक ओळ हवी. 'पुनर्रचना आणि कृत्रिम स्तन याबद्दल मला माझ्या भाषेत सांगितलं आहे', खाली सही किंवा अंगठा. सरकारी असो की खाजगी. याला थिएटर लागत नाही, मशीन लागत नाही. शाई लागते.

२. कॅन्सरनंतरची पुनर्रचना 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारणाऱ्या टीपीएला कलमाचा अपवाद का लागू नाही, हे लेखी द्यायला लावा. आणि जीएसटीच्या त्या यादीत 'कॅन्सर' हा एक शब्द घाला.

३. सरकारी योजनेत मॅस्टेक्टोमी झालेल्या प्रत्येकीला घरी जाताना कृत्रिम स्तन द्या, आणि पुनर्रचना हवी असेल तर कुठे जायचं तो पत्ता.

४. हे आपलं काम. दरवर्षी कंपनीची ग्रुप पॉलिसी रिन्यू होते तेव्हा आपण एचआरला काय विचारतो? आईवडील कव्हर होतात का, प्रीमियम किती कापणार, डेंटल आहे का. यंदा हेही विचारा: कॅन्सरनंतरची पुनर्रचना कव्हर आहे का, आणि ती त्याच पाच लाखांतून, का वेगळी? कारण केमो आणि वर्षभर चालणारी महागडी इंजेक्शनं यांतच ते पाच लाख उडून जातात, आणि मग पॉलिसीतला हक्क नुसता वाचायला उरतो. एकट्याने विचारलं तर एचआर हसून सोडून देईल. पन्नास जणांनी विचारलं तर ब्रोकरला फोन जाईल. मी या वर्षी विचारणार आहे.

फार लांबलं. पण एक राहिलं.

हे लिहायला घेण्याआधी एका रविवारी चहा पिताना मी आईला सगळं सांगितलं. नंतरही करता येतं, असे असे पर्याय आहेत, रेडिएशन झालंय म्हणून कदाचित पोटावरून करावं लागेल, एकदा सर्जनला भेटून तरी येऊ. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत मुलांचं ऐकायची तसं.

"आता नको रे," म्हणाली. "आता परत त्या टेबलावर नाही झोपायचं मला."

मी बरं म्हटलं. ती कप उचलून आत गेली आणि दारातून परत वळली.

"पण तेव्हा विचारायला हवं होतं कुणीतरी. हो म्हटलं असतं की नाही, ते जाऊ दे. विचारायला हवं होतं."

त्या 'कुणीतरी'त मीही येतो. तुमच्या घरात वेळ येऊ नये. आलीच, तर एक्सेल शीटमध्ये तो पंधरावा कॉलम आठवणीने घाला. आणि तुमच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशींची शीट कुणी बनवत नाही, हेही लक्षात ठेवा. आमच्या मावशींबरोबर मी परवाच्या बुधवारी हॉस्पिटलात जाणार आहे, हाताच्या सुजेसाठी आणि त्या पत्त्यासाठी. सुट्टी टाकली आहे.